इथं शून्य करू नये

समोर आलेली कुठलीही वस्तू, बातमी, यंत्र किंवा माणूस नुसता एका बाजूनं बघून खरा मानायचा नाही, तो एकदा उलटा फिरवून बघायचाच, असा वसा घेतलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. हे मी अभिमानानं सांगतोय की तक्रार म्हणून, ते मला गेल्या आठ वर्षांत ठरवता आलेलं नाही. व्याही पेशानं गवंडी. बोर्ली पंचतनच्या वरच्या अंगाला भातशेतीचं एक गाव आहे, तिथले. चाळीस वर्षं हातात थापी. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत ज्या घरांना आता होमस्टे म्हणतात, त्यातली निम्मी त्यांच्या हातची. गवंड्याकडे पाणसळ असते, म्हणजे मधे बुडबुडा असलेली ती पट्टी. ती चिऱ्यांच्या थरावर ठेवली आणि बुडबुडा मधोमध आला की थर पातळीत आहे असं तुम्हाआम्हाला वाटतं. व्याह्यांना वाटत नाही. ते पट्टी उचलतात, डावं टोक उजवीकडे आणि उजवं डावीकडे करून पुन्हा ठेवतात. बुडबुडा पुन्हा मधोमध आला तर थर खरा, नाही आला तर पट्टीच खोटी. यात जगावेगळं काही नाही, कुठलाही जुना गवंडी हे करतो. पण बाकीचे गवंडी संध्याकाळी हातपाय धुतले की हे शहाणपण हत्यारांच्या पिशवीत टाकून घरी जातात. आमचे व्याही ते चोवीस तास अंगावर घेऊन हिंडतात.

एसटीचंच घ्या. बोर्लीच्या स्टँडवर गाडी लागली की माणसं पुढची पाटी वाचून आत घुसतात आणि जागेवर रुमाल टाकतात. व्याही पुढची पाटी वाचतात आणि मग सावकाश गाडीला वळसा घालून मागची पाटी वाचायला जातात. एकदा माझ्याकडे श्रीवर्धनला यायला निघाले, तर गाडीच्या पुढं श्रीवर्धन आणि मागं म्हसळा. कंडक्टर म्हणाला, "बाबा, तुम्हाला जायचंय कुठं?" व्याही म्हणाले, "मला कुटं जायचंय त्ये मला ठाव हाय. गाडीला ठाव हाय का, त्ये बगतोय." गाडी गेली. व्याही दीड तासानं दुसऱ्या गाडीनं आले आणि दारात पाय ठेवता ठेवता मोठ्या समाधानानं म्हणाले, "हिच्या दोनी पाट्या येक व्हत्या." इकडे मी जेवणाची पानं दोनदा झाकली होती. बाजारात मासळी घेतानाही तेच. पापलेटाची एक बाजू बघायची, मग ते उचलून दुसरी बाजू बघायची, मग पुन्हा पहिली. एक कोळीण शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आरं दादा, दोनी अंगानं मेलाय त्यो! किती बगशील?" सगळा बाजार हसला. व्याह्यांनी दुसरी बाजू नीट बघून घेतली आणि मगच तेही हसले.

माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा हा काय प्रकार आहे याची मला कल्पना नव्हती. पोहे झाले, चहा झाला, आणि व्याह्यांनी मुलीला विचारलं, "सैपाक येतो का, बाय?" मुलगी म्हणाली, येतो. मी खुर्चीत जरा सैल होऊन बसलो. तेवढ्यात हा गृहस्थ स्वतःच्या मुलाकडे वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, "तुला?" मुलगा कावराबावरा. म्हणाला, "मला कुठून येणार?" व्याही म्हणाले, "मंग पातळी गेली." मला वाटलं, जमलेलं मोडलं! माझी बायको पडद्याआड देवाचं नाव घ्यायला लागली. मोडलं नाही, पण साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या चार महिन्यांत त्या बिचाऱ्या मुलाला तांदळाची भाकरी थापायला शिकवण्यात आली. आज माझा जावई माझ्या मुलीपेक्षा चांगली भाकरी करतो. मुलगी हे सगळ्यांसमोर कबूल करते आणि खुशाल बसून खाते.

पुढं लग्नात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मुलीच्या बापानं मुलाच्या बापाचे पाय धुवायचे होते. मी तांब्या घेऊन खाली बसलो. सांगायला हरकत नाही, मला ते जड जात होतं. बत्तीस वर्षं मी आयटीआयमध्ये बांधकामाचे नकाशे शिकवले, पोरं मला बघून उभी राहायची, आणि इथं मी एका गवंड्याच्या पायाशी. पाणी ओतलं. मी उठणार तोच व्याह्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, मला पाटावर बसवलं आणि स्वतः खाली बसले. म्हणाले, "आता ह्या अंगानं." आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं! त्यांचे भाऊबंद असे लाल झाले की आता जेवायला थांबतात की नाही अशी परिस्थिती. व्याही माझे पाय पुसता पुसता हळूच म्हणाले, "तुमी पोरगी दिलीत. माझ्यापायी तुमाला चारचौघांत मान खाली घालाय लागली, असं माझ्या जित्यापणी व्हायचं न्हाय." मी घाईघाईनं उपरण्यानं तोंड पुसलं. लोकांना वाटलं, उकाडा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२० सालच्या जून महिन्यातल्या चक्रीवादळानं व्याह्यांच्या गावातल्या शाळेचं छप्पर उडवलं आणि भिंतींना तडे गेले. पोरं देवळात बसून शिकू लागली. बरीच वर्षं अशी गेल्यावर नवी इमारत मंजूर झाली. पण आता बांधकाम म्हणजे नुसतं सिमेंट आणि चिरे राहिलेलं नाही. रोजच्या कामाचे फोटो, मापं, किती माल आला, किती लागला, सगळं टॅबवर भरायचं. ठेकेदारानं साफ सांगितलं की ज्याच्याकडे डिजिटल प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असेल तोच या कामावर मुकादम. व्याह्यांना ते काम हवं होतं. आयुष्यात कुठल्या कामासाठी ते कुणाच्या दारात गेले नाहीत, पण हे हवंच होतं. मला एकदा म्हणाले, "दोन वर्सांनी आपली नात पयलीत जाईल. ती ज्या भिंतीला टेकून बसंल ती भिंत दुसऱ्या कुनी बांधायची व्हय?" 'आपली नात' म्हणजे खरोखरच आपली, त्यांच्या मुलाची आणि माझ्या मुलीची. त्या प्रशिक्षणाचा वर्ग बोर्लीच्या एका सभागृहात तीन आठवडे भरणार होता. आणि तिथं शिकवायला, निवृत्त झालेला पण अजून धडधाकट असलेला माणूस म्हणून, मला बोलावलं होतं.

म्हणजे मी मास्तर आणि माझा व्याही माझा विद्यार्थी! माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला. "मुलाकडच्या माणसांना तुम्ही पाढे म्हणायला लावणार?" मी म्हटलं, पाढे नाहीत, टॅब आहे. पण धाकधूक मलाही होती. ती व्याह्यांनी पहिल्याच दिवशी घालवली. सभागृहाच्या उंबऱ्याबाहेर मला भेटले तेव्हा मी रीतीप्रमाणे उठून उभा राहिलो, "या व्याही" म्हटलं, घरची ख्यालीखुशाली झाली. मग त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आणि आत जाऊन माझ्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार सर." तो दिवस आणि शेवटचा दिवस, उंबऱ्याच्या आत मी 'सर' आणि बाहेर 'व्याही', यात एकदाही चूक नाही. आत मी आलो की ते उठून उभे राहत. बाहेर ते आले की मी. पाणी प्यायला जायचं तरी हात वर करून विचारायचे. साठीचा माणूस, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली वही घेऊन पहिल्या बाकावर. त्यांच्या मागं तीस गवंडी बसलेले, त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यामुळे तेही गुपचूप हात वर करायला लागले.

टॅबवर लिहिण्यापेक्षा बोलून भरणं सोपं, म्हणून मी सगळ्यांना बोलून अहवाल भरायला शिकवलं. यंत्राला आमची बोली समजेना, किंवा समजत असूनही ते चेष्टा करत असावं. व्याह्यांनी स्पष्ट आवाजात सांगितलं, "चिरं चाळीस आलं, दोन फुटलं." टॅबनं लिहिलं, 'चेहरे चाळीस आले, दोन फुटले.' ते वाचून मागच्या बाकावरचे दोघं आपापलं तोंड चाचपायला लागले. गवंडी माप फूट, इंच आणि सुतात सांगतात, इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे सूत. व्याही म्हणाले, "खिडकीला दोन सूत कमी." टॅबनं लिहिलं, 'खिडकीला दोन सून कमी.' व्याह्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि उभं राहून गंभीरपणे म्हणाले, "सर, ह्येला सांगा, मला सून येकच हाय. ती बी तुमचीच." वर्ग लोळला. मी डस्टर आपटलं, पण मलाही हसू आवरेना. पंधरा दिवसांत मात्र त्यांनी त्या यंत्राला वळण लावलं. एकेक शब्द सुटा करून, अडाणी पाहुण्याला वाट सांगावी तसं ते त्याच्याशी बोलायचे, आणि त्यांचा अहवाल सगळ्यांत बिनचूक निघायचा.

अडलं ते भिंतीवर. टॅबमध्ये पातळी मोजायची सोय होती. टॅब त्याच्या लांब कडेवर थरावर उभा ठेवायचा, थर पातळीत असेल तर हिरवा दिवा, नसेल तर तांबडा दिवा आणि किती अंशानं चुकलं त्याचा आकडा. पातळी बघायची पाण्याची नळी, ओळंबा, पाणसळ सगळं मी पिशवीत घालायला लावलं होतं. तीन आठवडे फक्त टॅब, असा माझा हुकूम. अंगणात प्रत्येकानं सरावाची छोटी भिंत घालायची. सगळ्यांना हिरवा दिवा लागायचा आणि व्याह्यांना रोज तांबडा! रोज तोच आकडा, एक पूर्णांक दोन अंश. ज्या माणसानं अर्धं दिवेआगर उभं केलं, त्याला तीन फुटांचा थर पातळीत लावता येईना. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "पुन्हा एक पूर्णांक दोन. लक्ष द्या जरा." ते म्हणायचे, "व्हय सर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि आता लपवण्यात अर्थ नाही, मला आतून थोडं बरंही वाटायचं. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले तेव्हापासून मी त्यांच्या मोठेपणाखाली दबलेला होतो. वाटायचं, चला, काहीतरी आहे जे मला येतं आणि यांना येत नाही. दोन गोष्टी मी बघितल्या होत्या, पण त्यावर विचार केला नाही. एक म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांनी टॅब थरावर ठेवला, मग सवयीप्रमाणे उलट फिरवून ठेवला, दोन्ही आकडे बघितले, एकदा व्हरांड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि टॅब खाली ठेवला. दुसरी म्हणजे रोज ते प्यायच्या पाण्याची बाटली बरोबर अर्धी पिऊन थरावर आडवी ठेवायचे आणि तिच्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, दमले असतील.

परीक्षेला पनवेलहून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. चटपटीत आणि बोलायला गोड. त्यांच्या हातात छापलेला नियम, की टॅब तांबडा दाखवेल तर प्रात्यक्षिकात नापास. व्याह्यांनी त्या दिवशी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून भिंत घातली. इतकी देखणी भिंत की बाई म्हणाल्या, "किती सुंदर काम आहे!" मग टॅब ठेवला. तांबडा, एक पूर्णांक दोन. बाईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, "काका, अजून वेळ आहे. वरचा थर काढून परत लावता का?" व्याह्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ऱ्हाऊंदे, बाय." तीस जण पास झाले आणि एकटे माझे व्याही नापास. चपला घालून उंबऱ्याबाहेर आले आणि मला म्हणाले, "व्याही, रविवारी पोरीला घिऊन येताय न्हवं? मंडळी घावनं करनार हायत." मला त्यांच्याकडे बघवेना. शाळा हातची गेली होती, आणि हा माणूस मला घावनाचं आमंत्रण देत होता.

सगळे गेल्यावर मी व्हरांड्यात बसून टॅब मोजून खोक्यात भरत होतो. उठताना माझा धक्का लागून पाण्याचा जार कलंडला. बाप रे, म्हणून मी टॅब वर उचलले, पण टॅबना काही झालं नाही. ते सगळं पाणी व्हरांड्यावरून सरळ पायऱ्यांकडे गेलं आणि अंगणात पडलं. एक थेंब उलट्या बाजूला गेला नाही. मी तसाच उभा राहिलो. पहिल्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी सगळे टॅब याच व्हरांड्यात, याच फरशीवर उभे ठेवले होते, आणि 'समतल जागेवर ठेवून शून्य करा' असं यंत्रानं सांगितल्यावर एकेकाचं बटण दाबलं होतं. फरशी इतकी गुळगुळीत की मला ती समतल वाटली. बत्तीस वर्षं नकाशे शिकवलेल्या माणसाला! व्हरांड्याला ढाळ असतो, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तो मुद्दाम देतात, हे मी शेकडो पोरांच्या वहीत तपासलंय. मी एक टॅब ओल्या फरशीवर उभा ठेवला. उरलंसुरलं पाणी अजून त्याच्या बाजूनं खाली वाहत होतं, आणि टॅबवर हिरवा दिवा. शून्य पूर्णांक शून्य.

मी रिक्षा केली आणि थेट व्याह्यांच्या घरी गेलो. ते अंगणात थापी घासत होते. मला बघून उठले. मी चपलाही न काढता म्हटलं, "तो व्हरांडा कुणी बांधला?"

"म्याच की. वीस वर्सं झाली."

"ढाळ किती दिलाय?"

त्यांनी थापी खाली ठेवली. "फुटाला दोन सूत. तिकडं समिंदराचा पाऊस आडवा येतो."

फुटाला दोन सूत म्हणजे एक पूर्णांक दोन अंश. हिशेब मला तिथल्या तिथं जमला. मी ओट्यावर बसलो. "कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिसापासनं. उलटा ठेवला की आकडा दुसऱ्या अंगाला जायचा. पट्टी खोटी. बाटलीतलं पानी खरं."

"मग बोलला का नाही, व्याही?"

त्यांनी खाली ठेवलेली थापी उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "तीस मान्सं बसल्याली. आन तुमी सर."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "बरं, मला नाही सांगितलंत. पण मग दोन सूत वाकडा थर लावायचा होता! तुम्हाला डोळे मिटून जमलं असतं. हिरवा दिवा लागला असता, शाळा मिळाली असती."

व्याह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अभद्र बोललो. "भिंतीनं माझं काय वाकडं केलंय," ते म्हणाले, "म्हनून मी तिचं वाकडं करू?"

मी ओट्यावर बसून रडलो. आतून विहीणबाई चहा घेऊन आल्या, मला बघितलं आणि तशाच आत गेल्या. शेवटी मी म्हटलं, "मी उद्या त्या बाईंना फोन करणार, आणि सगळ्यांना बोलावून सांगणार." तेव्हा मात्र व्याही भडकले. सोयरीक झाल्यापासून पहिल्यांदा. "काय गरज न्हाय! चारचौघांत सोताचं हसं करून घ्यायचं? पोरीला काय वाटंल?" मी म्हटलं, "व्याही, उलटं करून बघा. मी भिंत घातली असती आणि तुम्ही टॅब लावला असता, तर तुम्ही गप्प बसला असता?" ते थापी उचलून पुन्हा घासायला लागले. मग म्हणाले, "च्या गार झाला असंल. दुसरा सांगतो."

मी सांगितलं. बाई आल्या, एकतीस गवंडी आले, आणि मी व्हरांड्यात उभा राहून बादलीभर पाणी ओतून माझी चूक सगळ्यांना दाखवली. पाणी पायऱ्यांवरून खळाळत गेलं तेव्हा मागं कोणीतरी फिसकन हसलं. व्याही गर्रकन वळले आणि ओरडले, "सर बोलत्यात!" पुन्हा कोणी हसलं नाही. मग मी त्यांना पुढं बोलावलं, आणि यंत्र कसं पारखायचं, उलटं फिरवून मधला आकडा कसा धरायचा, ते त्यांनी शिकवलं. मी पहिल्या बाकावर बसलो. सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. आधी पास झालेल्या तिसांना आपल्या भिंती पाडून परत घालाव्या लागल्या, त्यांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते मी ओळखू शकतो. एक जण उघडच म्हणाला, "सर, आमाला बी वाटत व्हतं कायतरी वाकडं हाय. पर हिरवा दिवा लागत व्हता, मंग कशाला बोला?" व्याही प्रात्यक्षिकात पहिले आले. लेखीत काठावर पास. 'यंत्रावर आकडा दिसल्यानंतर काय कराल' या प्रश्नाला चार उत्तरं दिलेली होती आणि त्यात 'उलटं करून बघू' हे नव्हतं, म्हणून त्यांनी तो प्रश्नच सोडला होता.

शाळा झाली. व्याही मुकादम होते. रोज संध्याकाळी मोजून मापून टॅबशी बोलायचे, एका दिवसाचाही अहवाल चुकला नाही. व्हरांडा झाला त्या दिवशीचा अहवाल बाईंनी मला मुद्दाम पाठवला: 'व्हरांड्याला ढाळ फुटाला दोन सून. मुद्दाम दिला आहे.' आणि त्याच संध्याकाळी, कोणाला न विचारता, ओल्या सिमेंटमध्ये पायरीजवळच्या कोपऱ्यात त्यांनी खिळ्यानं कोरलं: 'इथं शून्य करू नये.' शाळेच्या गुरुजींना आधी वाटलं, भिंतींवर येथे लघवी करू नये लिहितात त्यातलाच हा सभ्य प्रकार असावा. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी बराच वेळ ते वाचलं आणि भाषणात म्हणाले की या गावात शून्य गुण कोणाला मिळू नयेत, असा सुंदर संदेश कारागिरांनी दिला आहे. टाळ्या पडल्या. व्याही माझ्या शेजारी उभे होते. त्यांनीही वाजवल्या.

ती शाळा त्यांचं शेवटचं काम ठरलं. गुडघे धरलेत, आता परांचीवर चढवत नाही. प्रमाणपत्र घरात देवांच्या तसबिरीखाली लावलंय, तेही मी कधी गेलो की थोडं तिरपं दिसतं, आणि ते म्हणतात, "भिंत सरळ हाय, चौकट बगा." नात पहिलीत गेली. मी बोर्लीकडे आलो की आम्ही दोघे दुपारी तिला आणायला जातो आणि शाळा सुटेपर्यंत त्या व्हरांड्याच्या कठड्यावर बसतो. मी व्हरांड्यात पाऊल ठेवलं की ते मला अजूनही 'सर' म्हणतात. मी कितीदा सांगितलं, सोडा आता ते. सोडत नाहीत.

परवा नात बाहेर आली आणि दप्तर आमच्या मांडीवर टाकून कोपऱ्यात उकिडवी बसली. नुकतं वाचायला यायला लागलंय, जे दिसेल ते वाचते. बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "इ-थं शू-न्य क-रू न-ये." मग मान वर करून म्हणाली, "आजोबा, इथं शून्य कोणी केलं होतं?"

व्याही लगेच रस्त्याकडे बघायला लागले. "व्हता येक जन," ते म्हणाले. "मानूस चांगला व्हता."

मी म्हटलं, "मी केलं होतं. तिकडं बोर्लीला."

"सर, तुमी गप ऱ्हावा," व्याही पुटपुटले.

नातीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठली, माझ्याभोवती वळसा घालून मागं गेली आणि मला पाठीकडून न्याहाळायला लागली. मी ताठ बसून राहिलो. माझ्या या व्याह्यांसमोरही मी आयुष्यात कधी इतका घाबरलो नव्हतो. ती पुन्हा पुढं आली, दोघांचं एकेक बोट धरलं आणि निघाली. तिला मागून मी कसा दिसलो, कोण जाणे. मी दोनदा विचारलं, पण तिनं काही सांगितलं नाही. त्या आजोबांवर गेलीय.